कार्ड निवडण्याआधी कॅबिनेट उघडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. घरच्या कॉम्प्युटरला सात-आठ वर्षं झाली. त्यात कोअर आय५-८४०० प्रोसेसर, आठ जीबी रॅमची एकच स्टिक आणि कॅबिनेटबरोबरच आलेला, '४५० वॉट' असं लिहिलेला एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा) आहे. मॉनिटर फुल एचडी, ६० हर्ट्झचा. मुलाला गेम खेळायचे आहेत, तुम्हाला अधूनमधून व्हिडिओ एडिट करायचे असतात आणि बजेट बेताचं आहे. तुम्ही तीन ग्राफिक्स कार्डं काढून ठेवली आहेत: नवं आरएक्स ६५०० एक्सटी, नवं आरटीएक्स ३०५० सहा जीबी आणि सेकंडहँड आरएक्स ५८० आठ जीबी. यातलं कोणतं घ्यावं?

उत्तर आधी सांगतो. एसएमपीएस कमी विजेचं कार्ड झेपेल इतपत निघाला आणि तो बदलायचा नसेल, तर आरटीएक्स ३०५० सहा जीबी. एसएमपीएस बदलावाच लागणार असेल, तर या तिन्हींपैकी एकही नको. त्या पैशांत थोडी भर घालून आरएक्स ६६०० बघा. आणि दोन्ही बाबतींत, कार्डाच्याही आधी रॅमची दुसरी स्टिक घ्या.

आता कारणं. सुरुवात एसएमपीएसपासून करतो, कारण स्वस्त कार्ड घेताना सगळ्यात जास्त लोक इथेच अडकलेले मी पाहिले आहेत. कॅबिनेटचा बाजूचा पत्रा काढा आणि एसएमपीएसवरचं लेबल वाचा. मोठ्या अक्षरात लिहिलेले वॉट बाजूला ठेवा. खाली एक बारीक तक्ता असतो. त्यात +३.३ व्होल्ट, +५ व्होल्ट, +१२ व्होल्ट असे रकाने असतात आणि प्रत्येकाखाली अँपिअर लिहिलेले असतात. ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर दोघंही जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टच्या लाइनवरून घेतात. म्हणून त्या रकान्यातले अँपिअर घ्या आणि १२ने गुणा. १६ अँपिअर लिहिले असतील तर हातात आले १९२ वॉट. बाकीचे वॉट ५ आणि ३.३ व्होल्टच्या लाइनींवर मोजून बेरीज फुगवलेली असते आणि कार्डाला त्यांचा काही उपयोग नसतो. १२ व्होल्टच्या दोन लाइनी दाखवल्या असतील तर सरळ बेरीज करू नका. दोन्ही मिळून कमाल किती वॉट हे बहुधा खाली वेगळं छापलेलं असतं, तोच आकडा धरा.

आता खर्चाची बाजू. आय५-८४०० हा ६५ वॉटचा प्रोसेसर आहे. मदरबोर्ड, रॅम, हार्ड डिस्क, पंखे मिळून आणखी तीस-चाळीस वॉट धरा. म्हणजे कार्डाशिवायच शंभरच्या आसपास. कोणतंही कार्ड क्षणभरासाठी आपल्या ठरलेल्या आकड्याच्या वरही उसळी मारतं, त्यासाठी मोकळी जागा लागते. १९२ वॉटच्या लाइनवर ७० वॉटचं कार्डसुद्धा मी लावणार नाही. २५० वॉटच्या वर असेल, म्हणजे साधारण २१ अँपिअरच्या पुढे, तर ७० वॉटचं कार्ड निर्धास्त चालेल.

एक प्रसंग सांगतो. ओळखीच्या एका घरी नवं कार्ड घेतलं होतं, १३० वॉटचं. विंडोज व्यवस्थित सुरू व्हायचं, व्हिडिओ चालायचे. पण गेम लोड होऊन पहिलं दृश्य दिसलं की प्लग ओढून काढावा तसा कॉम्प्युटर बंद पडायचा. त्यांनी ड्रायव्हर बदलले, विंडोज पुन्हा टाकलं, कार्ड बदलून आणलं. मी गेलो तेव्हा आधी कॅबिनेट उघडलं. एसएमपीएसवर ठळक '५०० वॉट' होतं आणि १२ व्होल्टच्या रकान्यात १५ अँपिअर. म्हणजे १८० वॉट. शिवाय कार्डाची आठ पिनांची केबल एसएमपीएसमध्ये नव्हतीच. हार्ड डिस्कसाठी असलेल्या चार पिनांच्या दोन वायरींना कन्व्हर्टर लावून ती जोडलेली होती. कन्व्हर्टर ओढून काढला तर एका पिनेभोवतीचं पांढरं प्लास्टिक तपकिरी झालं होतं. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? कार्ड निर्दोष होतं. एसएमपीएस बदलल्यावर तेच कार्ड नीट चालायला लागलं. त्या तपकिरी पिनेची आठवण मला अजून अस्वस्थ करते, कारण ती आग लागायच्या आधीची पायरी होती. म्हणून कळकळीने सांगतो: एसएमपीएसमध्ये कार्डासाठीची सहा किंवा आठ पिनांची स्वतःची केबल नसेल, तर कन्व्हर्टर लावू नका. ती केबल नसणं म्हणजे त्या एसएमपीएसने स्वतःच दिलेला नकार समजा.

मदरबोर्डचा स्लॉट कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट देतो. सहा पिनांच्या केबलमधून आणखी ७५ आणि आठ पिनांच्या केबलमधून १५० मिळतात. आरटीएक्स ३०५० सहा जीबी हे ७० वॉटचं आहे, त्यामुळे त्याच्या बहुतेक मॉडेलांना वेगळी केबल लागतच नाही. स्लॉटमध्ये बसवलं की झालं. माझ्या शिफारशीमागचं मोठं कारण हेच. याच्या उलट आरएक्स ६५०० एक्सटी १०७ वॉटचं आणि आरएक्स ५८० तर १८५ वॉटचं. तुमच्या कॅबिनेटबरोबर आलेल्या एसएमपीएसवर ५८० लावायचा विचारच सोडून द्या.

आता ६५०० एक्सटी. कागदावर हे कार्ड वाईट दिसत नाही. पण ते तुमच्या मशीनमध्ये वेगळं वागेल. मदरबोर्डवरच्या लांब स्लॉटमध्ये डेटा ये-जा करायला १६ लेन असतात. तुमच्या प्रोसेसरच्या पिढीत हा स्लॉट पीसीआय एक्सप्रेस ३.०चा आहे आणि त्याच्या एका लेनमधून सेकंदाला साधारण एक जीबी डेटा जातो. ६५०० एक्सटी १६पैकी फक्त चार लेन वापरतं. पुढच्या पिढीच्या, म्हणजे ४.०च्या मदरबोर्डवर त्याला सेकंदाला आठ जीबीच्या आसपास मिळतात. तुमच्याकडे चारच मिळतील. एरवी याने फारसं बिघडलं नसतं, पण या कार्डावर मेमरी चारच जीबी आहे. अलीकडचे गेम फुल एचडीतही ती सहज भरून टाकतात. ती भरली की भिंती, झाडं, चेहरे यांची चित्रं रॅममधून आणावी लागतात आणि ती त्या चार लेनच्या अरुंद रस्त्यानेच येतात.

हे पडद्यावर कसं दिसतं? कोपऱ्यातला फ्रेमचा, म्हणजे सेकंदाला किती चित्रं येतात त्याचा, आकडा पन्नास-पंचावन्न दाखवत असतो, म्हणजे सगळं ठीक. मग खेळणारा एका वळणावर कॅमेरा फिरवतो आणि चित्र अर्धा क्षण गोठतं, पुन्हा पळायला लागतं. समोरची भिंत आधी चिखल फासल्यासारखी धूसर असते, मग हळूहळू विटा उमटतात. सरासरी आकड्यात हे झटके लपून जातात. म्हणून कार्डांची तुलना वाचताना सरासरी फ्रेमपेक्षा सगळ्यात हळू एक टक्का फ्रेमचा आकडा बघा. तुमच्या ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर प्रत्येक चित्राला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. एखादं चित्र ८० मिलिसेकंदांनी आलं की डोळ्याला ठेच लागते. सरासरी कितीही चांगली असो.

या कारणासाठी आजच्या घडीला गेमसाठी चार जीबीचं नवं कार्ड मी कुणालाच सुचवत नाही. सहा ही किमान पायरी, आठ असेल तर निवांत. पण मेमरीचा नुसता आकडा बघूनही फसायला होतं, त्यामुळे इथे थोडं थांबतो.

मेमरी किती आहे याच्याइतकंच ती किती वेगाने वाचता येते हे महत्त्वाचं. हिशोब सोपा आहे: बस, म्हणजे चिप आणि मेमरी यांच्यातला रस्ता, किती बिटची ते घ्या, मेमरीच्या वेगाने गुणा, आठने भागा. जीटी १०३०चं उदाहरण बघा. २०१७ साली हे कार्ड जीडीडीआर५ मेमरीसह आलं. ६४ बिटची बस, सहा गिगाबिट वेग, म्हणजे सेकंदाला ४८ जीबी. पुढच्या वर्षी त्याच नावाचं कार्ड साध्या डीडीआर४ मेमरीसह आलं. बस तीच, वेग सुमारे २.१, म्हणजे सेकंदाला १७ जीबीसुद्धा नाही. डब्यावर नाव तेच, मेमरी तीच दोन जीबी, वेग जेमतेम एक तृतीयांश. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. चार जीबी डीडीआर३ असं मिरवणारी जुनी कार्डंही याच जातीची. मेमरी भरपूर, पण ती वेळेत वाचताच येत नाही.

तुम्ही निवडलेल्या ३०५०च्या बाबतीतही हे लागू आहे, म्हणून डब्यावर बोट ठेवून वाचा. २०२२ साली आलेलं मूळ आरटीएक्स ३०५० हे आठ जीबीचं, १२८ बिट बसचं, २५६० कोअरचं (कोअर म्हणजे हिशोब करणारे छोटे भाग) आणि १३० वॉटचं आहे. २०२४ साली आलेल्या सहा जीबीवाल्यात बस ९६ बिट, कोअर २३०४ आणि मेमरीचा वेग २२४वरून १६८ जीबीवर आलेला आहे. दोन्हींचं नाव मात्र ३०५०च. सहा जीबीवालं स्पष्टपणे हळू आहे. त्याचा खरा गुण एकच आणि तो म्हणजे ७० वॉट. तो गुण तुमच्या कामाचा असेल तरच ते घ्यावं. चांगला एसएमपीएस असलेल्या माणसाला मी ते कधीच सुचवणार नाही.

त्याला मी आरएक्स ६६०० सुचवतो. हे २०२१चं कार्ड: आठ जीबी, १२८ बिट, १३२ वॉट, आठ पिनांची एकच केबल. ते बनवणारी एएमडी त्यासाठी किमान ४५० वॉटचा एसएमपीएस सांगते. अर्थात तो ज्याच्या १२ व्होल्टच्या लाइनवर खरोखर ४००च्या पुढे वॉट आहेत असा. ६६०० आठ लेन वापरतं, त्यामुळे तुमच्या जुन्या स्लॉटवरही त्याचं फार नुकसान होत नाही, आणि फुल एचडीत ते ३०५०च्या दोन्ही प्रकारांच्या बरंच पुढे आहे. एसएमपीएस आणि कार्ड मिळून खर्च वाढतो हे खरं. पण एसएमपीएस पुढच्या कॉम्प्युटरलाही चालतो. तो विकत घेताना '८० प्लस' या खुणेवर फार विसंबू नका. ती खूण वीज किती वाया जात नाही एवढंच सांगते. आतल्या भागांचा दर्जा आणि बिघाड झाल्यावर स्वतःला बंद करायची सोय यांबद्दल ती काही सांगत नाही. वॉरंटी किती वर्षांची आहे ते बघा. बनवणाऱ्याला स्वतःच्या मालावर किती भरवसा आहे, ते तिथे कळतं.

सेकंडहँड ५८०कडे मन का ओढलं जातं हे समजतं. आठ जीबी, २५६ बिट, आणि किंमत कमी. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या क्रिप्टोकरन्सीने खाणकामाची, म्हणजे कार्डांवर हिशोब चालवून नवी नाणी मिळवायची, जुनी पद्धत बंद केली आणि त्यासाठी रात्रंदिवस राबलेली कार्डं ढिगाने विकायला आली. खाणकामात वापरलेलं कार्ड म्हणजे मेलेलंच असं नाही. एकसारख्या तापमानावर चालल्याने चिपला फार त्रास होत नाही. झिजतात ते पंखे आणि सुकतात ते मेमरीवरचे पॅड. त्रास असतो तो कार्डाच्या बदललेल्या बायॉसचा, म्हणजे कार्डातच साठवलेल्या मूळ सॉफ्टवेअरचा. शिवाय याच नावाचा '२०४८एसपी' हा प्रकार आहे, ज्यात मूळ ५८०च्या २३०४ऐवजी २०४८ कोअर असतात, म्हणजे प्रत्यक्षात ते ५७०च. आणि मूळ ५८० मिळालं तरी ते २०१७चं आहे. २०२४नंतरचे काही मोठे गेम रे ट्रेसिंगचं (प्रकाशाच्या किरणांचा माग काढून चित्र रंगवायचं) हार्डवेअर नसेल तर सुरूच होत नाहीत. ५८०मध्ये ते नाही, ३०५० आणि ६६००मध्ये आहे.

तरीही सेकंडहँड घ्यायचंच असेल, तर सेकंडहँड ६६०० शोधा आणि चालू मशीनवर बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. जीपीयू-झेड हे छोटं मोफत सॉफ्टवेअर उघडायला सांगा. जुन्या चिपला नव्या कार्डाचं नाव देऊन विकलेली बरीच बनावट कार्डं ते ओळखतं आणि नावापुढे 'फेक' असं दाखवतं. कोअरची संख्या, मेमरीचा प्रकार, बसचे बिट तिथेच ताडून बघा. मग वीस मिनिटं एखादा जड गेम चालवा. पडद्यावर रंगीत ठिपके किंवा पट्टे आले तर मेमरी गेली. पंखा खरखरत असेल तर तो बदलता येतो, त्याची भीती नको. प्रत्येक पोर्टला केबल लावून बघा. विकणारा टाळाटाळ करू लागला तर उठून या.

रॅमबद्दल आग्रहाने का म्हणालो ते सांगतो. तुमचा प्रोसेसर दोन चॅनेलवर चालायला बनवलेला आहे. एकच स्टिक असल्याने अर्धा रस्ता बंद आहे: डीडीआर४-२६६६ रॅमचा वेग सेकंदाला २१ जीबी मिळतो तिथे ४२ मिळू शकतो. शिवाय आठ जीबीत विंडोज, ब्राउझर आणि गेम एकत्र बसत नाहीत. मग डेटा हार्ड डिस्कवर जातो आणि झटके बसतात, ज्याचा दोष लोक कार्डाला देतात. त्याच आकाराची आणि वेगाची दुसरी स्टिक, मदरबोर्डच्या पुस्तिकेत दाखवलेल्या जोडीच्या स्लॉटमध्ये लावा. आधी हेच करा आणि आठवडाभर बघा. मुलाचे गेम हलके असतील तर प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवरच काम भागण्याची शक्यता आहे, आणि मग कार्डाचे पैसे काही महिने तरी वाचतील.

प्रोसेसर कार्डाला पुरा पडेल का, हाही प्रश्न मनात असेल. सहा कोअरचा आय५-८४०० हा ६६००पर्यंत बऱ्यापैकी साथ देतो. त्यापुढच्या कार्डांसाठी खर्च करू नका, ते पैसे प्रोसेसरची वाट बघण्यात जातील. कार्ड लावल्यावर ओळखायची खूण अशी: गेममध्ये रिझोल्यूशन एक पायरी उतरवा. फ्रेम वाढल्या तर कार्ड कमी पडत होतं. जागच्या हलल्या नाहीत तर प्रोसेसर. इंटेलचं बी५८० हे बारा जीबीचं कार्ड लोक तुम्हाला सुचवतील. कार्ड चांगलं आहे, पण इंटेलची कार्डं रिसायझेबल बार या, प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणाऱ्या, सोयीवर अवलंबून आहेत. ती सहसा इंटेलच्या दहाव्या पिढीपासून पुढे आणि एएमडीच्या रायझेन ३०००पासून पुढे मिळते. तुमच्या आठव्या पिढीवर त्या कार्डाचा वेग बराच पडेल. त्यामुळे ते तुमच्यासाठी नाही.

तुमचा फुल एचडी मॉनिटर हा या सगळ्यात तुमचा मित्र आहे. त्यात सुमारे २०.७ लाख ठिपके रंगवायचे असतात. फोर-के मॉनिटरवर ८३ लाख. बेताच्या कार्डाला हेच काम झेपतं. आणि मॉनिटर सेकंदाला ६०च चित्रं दाखवतो, म्हणून गेमच्या सेटिंगमध्ये फ्रेमची मर्यादा ६० ठेवा. दिसण्यात काही फरक पडत नाही, पण हलक्या गेममध्ये कार्ड निम्म्या विजेवर, थंड आणि शांत चालतं. मागे फक्त जुनं निळं व्हीजीए पोर्ट असेल तर मात्र सांभाळा. नव्या कार्डांवर ते नसतं. एचडीएमआयला लावायचा सक्रिय कन्व्हर्टर लागेल.

व्हिडिओ एडिटिंगला ६५०० एक्सटी आणखीच नापास, कारण त्यात व्हिडिओ एन्कोड करायचं, म्हणजे दाबून त्याची फाइल बनवायचं, हार्डवेअरच दिलेलं नाही. ३०५० आणि ६६०० दोन्हींत ते आहे. तुम्ही ब्लेंडरसारखं थ्रीडी काम करणार असाल तर एनव्हिडियाकडे, म्हणजे ३०५०कडे झुका, रेंडरिंगला तिथे ठळक फायदा मिळतो. साधं कापणं-जोडणं, रंग सुधारणं एवढंच असेल तर तो फरक विसरा. तुमच्या प्रोसेसरमधलं इंटेलचं ग्राफिक्ससुद्धा एन्कोडिंगला चांगलं आहे. कार्ड लावल्यावर मदरबोर्डच्या बायॉसमध्ये ते बंद करू नका.

घेण्याआधी एक माप घ्या: कॅबिनेटच्या मागच्या पट्टीपासून पुढच्या पंख्यापर्यंत किती सेंटिमीटर मोकळे आहेत आणि स्लॉटच्या खालची एक जागा रिकामी आहे का. बहुतेक कार्डं दोन स्लॉटची जाडी घेतात. लावण्याआधी जुने ड्रायव्हर पुसून टाका, मग प्लग काढा, कार्ड स्लॉटमध्ये 'टक्' आवाज येईपर्यंत दाबा आणि पट्टीचा स्क्रू घट्ट करा. मग मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या पोर्टमधून काढून कार्डाच्या पोर्टमध्ये लावा. 'नवं कार्ड घेऊन काही फरकच पडला नाही' म्हणून मला बोलावलेल्या घरांमध्ये कितीतरी वेळा केबल मदरबोर्डलाच लावलेली सापडली आहे.

तेव्हा आज संध्याकाळी पत्रा काढा आणि मला तीन गोष्टी कळवा: एसएमपीएसच्या लेबलवरचे १२ व्होल्टचे अँपिअर, त्यातून सहा किंवा आठ पिनांची केबल निघते का, आणि पुढच्या पंख्यापर्यंतचं अंतर. त्यावरून ३०५० की ६६०० ते नक्की सांगता येईल.